घाट उतरणारा ट्रक

नाशिककडून कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे भरून निघालेला ट्रक आपल्या ठाणे जिल्ह्यात येतो तो कसारा घाटातून. या घाटाला थळ घाट असेही म्हणतात. घाटमाथ्यावर इगतपुरी आहे आणि पायथ्याशी शहापूर तालुक्यातले कसारा. या दोन गावांच्या उंचीत सुमारे 300 मीटरचा फरक आहे. पुढे तो ट्रक शहापूर, पडघा, भिवंडी असा येतो आणि त्यातला माल कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात उतरतो. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, चाचा किंवा मामू याच रस्त्यावर गाडी चालवत असतील. त्यांना एकदा विचारून पाहा की घाट चढणे अवघड की उतरणे? बहुतेक जण उतरणे असेच उत्तर देतील.

चढताना काय होते? इंजिन ओरडते, धूर निघतो, गाडी गोगलगायीसारखी चालते. फार तर ती मध्येच थांबते. उतरताना मात्र गाडीला ओढावे लागत नाही, तिला धरून ठेवावे लागते. उर्दूत ज्याला आपण नशेब म्हणतो, त्या उतारावर ट्रकचे स्वतःचे वजनच त्याला खाली ओढत असते. ते किती जोराने ओढते याचा एक हिशेब करून पाहू. विज्ञानाच्या तासाला तुम्ही स्थितिज ऊर्जेचे सूत्र शिकला आहात. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की ही ऊर्जा मिळते. मालासह 16 टन, म्हणजे 16,000 किलोग्रॅम वजनाचा ट्रक घ्या. 16,000 गुणिले 9.8 गुणिले 300 म्हणजे 4,70,40,000 ज्यूल झाले.

एवढा मोठा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून असे समजा, की 30 अंश तापमानाचे 160 लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते तेवढीच ही ऊर्जा आहे. दोनशे लिटरचे मोठे पीप तुम्ही पाहिले असेल. ते पाऊण भरून त्याहून थोडे अधिक पाणी होईल. ट्रक घाटमाथ्यावरून पायथ्याला आला आणि त्याचा वेग वाढू दिला नाही, तर ही सगळी ऊर्जा वाटेत कुठेतरी खर्च व्हायलाच हवी, कारण ऊर्जा नाहीशी होत नाही. काही भाग टायर आणि समोरची हवा खातात. उरलेला मोठा भाग खर्च करण्याची जबाबदारी ड्रायव्हरवर येते.

तो फक्त पायाच्या ब्रेकवर भिस्त ठेवून उतरला तर हा सगळा भार ब्रेकवर पडतो. ट्रकच्या प्रत्येक चाकात लोखंडाचा एक ड्रम असतो. ब्रेक दाबला की आतले दोन लायनर त्या ड्रमला चिकटतात आणि घर्षण होते. घर्षण म्हणजे रगड. दोन्ही तळहात जोराने चोळून पाहा, ते गरम होतात. तसाच ड्रम तापतो. सपाट रस्त्यावर एकदा ब्रेक मारला की पुढच्या वेळेपर्यंत ड्रमला थंड व्हायला सवड मिळते. घाटात ती मिळत नाही. पाय ब्रेकवर राहतो आणि उष्णता साठत जाते.

पुढे जे घडते ते नीट समजून घ्या. लायनर एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड कमी होते. त्याच वेळी लोखंडी ड्रम उष्णतेने प्रसरण पावतो, म्हणजे त्याचा घेर वाढतो. त्यामुळे लायनरला ड्रमपर्यंत पोहोचायला जास्त अंतर चालावे लागते. ड्रायव्हर आणखी जोराने पाय दाबतो. त्याने आणखी उष्णता निर्माण होते आणि पकड आणखी कमी होते. जळक्या वासाचा धूर चाकांतून येऊ लागतो. ‘ब्रेक फेल झाला’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो तेव्हा दर वेळी ब्रेकचा एखादा भाग तुटलेला असतोच असे नाही. पुष्कळदा सगळे भाग जागच्या जागी असतात. फक्त ते इतके तापलेले असतात की त्यांच्यात धरून ठेवण्याची ताकद उरलेली नसते. गाडी थंड झाल्यावर तोच ब्रेक पुन्हा काम करतो, पण तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते.

मग ही ऊर्जा दुसरीकडे कुठे खर्च करता येईल का? येईल, इंजिनात. गाडी गिअरमध्ये असेल आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला असेल, तर इंजिन चाकांना फिरवत नाही. चाकेच इंजिनाला फिरवतात. हे फिरवणे फुकट होत नाही, त्यात जोर खर्च होतो. मात्र डिझेल इंजिनाची इथे एक अडचण आहे. ती समजायला सायकलचा पंप हाती घ्या.

पंपाच्या नळीचे तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दांडा खाली दाबा. दाबताना जोर लागतो. आता हात सैल सोडा. दांडा आपोआप वर येतो, कारण आत दाबलेली हवा त्याला परत ढकलते. म्हणजे तुम्ही दिलेला जोर हवेने बराचसा परत केला. डिझेल इंजिनात असेच होते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वर जाताना हवा दाबतो आणि तीच दाबलेली हवा त्याला खाली ढकलून जवळजवळ सगळी ऊर्जा परत देते. पेट्रोल इंजिनात हवा आत येण्याच्या वाटेवर एक झडप असते. पाय काढला की ती मिटते आणि हवा ओढून घेताना इंजिनाला त्रास होतो, त्यामुळे गाडी थोडी अडते. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात त्या वाटेवर अशी झडप नसते. म्हणूनच एवढे मोठे इंजिन असूनही भरलेल्या ट्रकला उतारावर ते पुरेसे अडवू शकत नाही.

आता पंपाचे दुसरे तऱ्हेने पाहू. नळीचे तोंड पूर्ण बंद न करता अर्धवट दाबून धरा, म्हणजे हवा कशीबशी बाहेर निसटेल. दांडा दाबायला जोर लागतो, आणि हात सोडल्यावर दांडा मात्र परत उसळत नाही. तुमचा जोर निसटलेल्या हवेबरोबर गेला. एक्झॉस्ट ब्रेकचे सारे रहस्य एवढेच आहे.

इंजिनाच्या चार धावांपैकी शेवटच्या धावेत दट्ट्या वर जातो आणि जळालेला वायू सायलेन्सरच्या पाइपाकडे ढकलतो. या पाइपात एक पोलादी तबकडी बसवतात. ती एका दांडीवर फिरते. फुलपाखराने पंख पसरावेत तशी ती दिसते, म्हणून तिला फुलपाखरू झडप म्हणतात. एरवी ती पाइपाच्या दिशेने उभी असते आणि धूर तिच्या दोन्ही बाजूंनी सरळ निघून जातो. ड्रायव्हरने बटण दाबले की हवेच्या टाकीतली दाबाची हवा एका छोट्या सिलिंडरमध्ये शिरते. त्याचा दांडा तबकडीला आडवी फिरवतो आणि पाइप जवळजवळ बंद होतो. त्याच वेळी इंजिनाला डिझेल मिळणे थांबलेले असते, त्यामुळे पाइपात येते ती नुसती हवा. ती तबकडीमागे कोंडली जाते. अनेक इंजिनांत तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन-चार पटींपर्यंत चढतो. प्रत्येक दट्ट्याला आता या दाबाविरुद्ध वर जावे लागते. तो जोर चाकांकडून येतो, आणि चाके मंदावतात. घाटाची उष्णता ड्रममध्ये साठण्याऐवजी गरम हवेच्या रूपाने सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या पाण्यातून बाहेर जाते. ड्रम थंड राहतात, म्हणजे खऱ्या गरजेच्या क्षणासाठी ब्रेक शिल्लक राहतो.

ओढणाऱ्यालाच धरणारा करायची ही कल्पना आपल्या घाटांना नवी नाही. कसारा ते इगतपुरी हा रेल्वेमार्ग 1865 साली सुरू झाला, आणि त्याच्या दोन वर्षे आधी बोर घाटातला. दोन्हीकडे चढण 37 मीटरला 1 मीटर इतकी तीव्र आहे. पुढे या घाटांत विजेवरची इंजिने आली. मालगाड्यांच्या अशा एका जातीच्या इंजिनाला लोक ‘खेकडा’ म्हणत. उतरताना त्याच्या मोटारी उलट काम करत, म्हणजे वीज खाण्याऐवजी वीज तयार करून तारेत परत पाठवत, आणि तेवढ्याने गाडी आवरली जाई. ट्रकवाल्यांना मनात जरा हेवा वाटावा अशीच ही सोय आहे, कारण आपला एक्झॉस्ट ब्रेक ऊर्जा परत देत नाही, नुसती बाहेर फेकतो. रेल्वेने आणखी एक खबरदारी घेतली. घाटात ठिकठिकाणी चढ असलेले छोटे फाटे ठेवले. ताबा सुटलेली गाडी त्या फाट्यावर जाते आणि चढामुळे थांबते. रस्त्यावरच्या ट्रकला बहुतेक ठिकाणी असा फाटा मिळत नाही.

दूर अमेरिकेतही हाच प्रश्न होता. 1931 साली डिझेल इंजिनांचे कारखानदार क्लेसी कमिन्स एका ट्रकमधून कॅलिफोर्नियातला काहोन घाट उतरत होते. ब्रेक तापून निकामी झाले आणि खाली रेल्वेच्या फाटकातून मालगाडी जात होती. ते थोडक्यात वाचले. तो प्रसंग ते विसरले नाहीत. पुष्कळ वर्षांनी त्यांनी एक वेगळाच इंजिन ब्रेक तयार केला आणि 1961 साली तो बाजारात आला. त्यात पाइप बंद करत नाहीत. दट्ट्याने हवा पूर्ण दाबली की नेमक्या त्या क्षणी एक्झॉस्टची झडप उघडून ती हवा सोडून देतात, म्हणजे ती दट्ट्याला परत ढकलू शकत नाही. तो ब्रेक अधिक जोरदार असतो, पण त्याची रचना गुंतागुंतीची आणि महाग. एक्झॉस्ट ब्रेक साधा आणि स्वस्त, म्हणून आपल्याकडे तोच अधिक ओळखीचा झाला.

आता तो बसवतात कसा ते पाहू. आजकाल बरेच ट्रक कारखान्यातूनच हा ब्रेक घेऊन येतात. जुन्या गाडीला तो नंतर बसवायचा असेल तर पहिले काम गॅरेजमध्ये नसून कागदावर असते. त्या इंजिनाला तो चालतो का, आणि पाइपात किती दाब सहन होतो, हे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे लागते. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 मध्ये गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई आहे, म्हणून आर.टी.ओ.कडेही चौकशी केलेली बरी. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या गाड्यांत तर धूर स्वच्छ करणारी यंत्रणा त्याच पाइपात असते. तिच्यात बाहेरच्या मिस्त्रीने काही घुसडू नये.

दाबाच्या मर्यादेवर एवढा भर का, असे तुम्ही विचाराल. इंजिनाच्या एक्झॉस्ट झडपा स्प्रिंगच्या जोरावर मिटलेल्या असतात. पाइपातला दाब त्या स्प्रिंगपेक्षा वरचढ झाला तर तो मिटलेली झडप मागून ढकलून उघडतो. अवेळी उघडलेली झडप आपल्या बैठकीवर आदळते, वाकते, कधी तुटते. म्हणून तबकडी पाइप कधीही पूर्ण बंद करत नाही. तिच्या कडेला थोडी फट ठेवतात किंवा तिच्यात एक लहान छिद्र असते. ‘थोडे आणखी घट्ट करा, ब्रेक जोरात लागेल’ असा आग्रह काही गाडीमालक धरतात. शहाणा मिस्त्री तो ऐकत नाही.

झडप इंजिनाच्या पुढे, सायलेन्सरच्या आधी बसते. टर्बो असेल तर साधारणपणे टर्बोच्या नंतर. पाइप तेवढाच कापून दोन्ही टोकांना चकत्या जोडतात आणि मध्ये उष्णता सहन करणारे पॅकिंग घालून बोल्ट सारखे आवळतात. एका बाजूने आधी पूर्ण आवळले तर पॅकिंग तिरपे बसते आणि हवा गळते. हा सारा भाग लालबुंद होण्याइतका तापू शकतो, म्हणून रबरी नळ्या, विजेच्या तारा आणि डिझेलचे पाइप त्याच्यापासून दूर ठेवतात. हवा घेण्याची जागाही विचाराने निवडावी लागते. पायाच्या ब्रेकची हवा ज्या टाकीत असते तिच्यातून ती घेत नाहीत. इतर कामांसाठी वेगळी जोडणी असते, तिच्यातून घेतात. तसे केले म्हणजे एक्झॉस्ट ब्रेकची नळी फुटली तरी मुख्य ब्रेकची हवा जात नाही. हे काम गाडीखाली शिरून करायचे असते. गाडी सपाट जागी, चाकांना अडणी लावून आणि इंजिन थंड करूनच.

शेवटची जोडणी बटणाची. चांगल्या बसवणीत क्लच किंवा ॲक्सिलरेटर दाबताच झडप आपोआप उघडेल अशी व्यवस्था असते. तिचे कारण सोपे आहे. क्लच दाबला की चाके आणि इंजिन यांचा संबंध तुटतो. तबकडी तशीच आडवी राहिली तर कोंडलेल्या हवेमुळे इंजिन बंद पडू शकते. घाटाच्या मध्यावर इंजिन बंद पडलेला ट्रक म्हणजे काय, ते पुढे येईलच.

वापरण्याचा पहिला नियम उतार सुरू होण्याआधीच पाळायचा असतो. माथ्यावरच वेग कमी करून खालचा गिअर टाकायचा. तोच उतार चढायला जो गिअर लागला असता तो, किंवा त्याहून एक खालचा. मध्ये उतारावर वेग वाढल्यावर खालचा गिअर टाकायला गेलात तर तो पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये अडकते. एक्झॉस्ट ब्रेकचा जोर इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो. फेऱ्या जास्त तर दाब जास्त. म्हणून वरच्या गिअरमध्ये, इंजिन सुस्त फिरत असताना बटण दाबून फारसे हाती लागत नाही. याला दुसरी बाजूही आहे. उतारावर इंजिनाला चाके फिरवत असल्याने त्याच्या फेऱ्या मर्यादेत ठेवणे एकट्या इंजिनाच्या हातात नसते. फेऱ्यांचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागला की पायाचा ब्रेक नीट दाबून वेग खाली आणायचा आणि पाय काढून घ्यायचा. पाय सतत अर्धवट टेकवून ठेवायचा नाही.

पावसाळ्यात मात्र हात आखडता घ्यावा लागतो. आपल्याच जिल्ह्यातला, मुरबाडच्या पुढचा माळशेज घाट आठवा. धुके, वरून पडणारे पाणी, निसरडा रस्ता. एक्झॉस्ट ब्रेक फक्त मागच्या, इंजिनाशी जोडलेल्या चाकांना अडवतो. ट्रक रिकामा असेल तर त्या चाकांवर वजन कमी असते. अशा वेळी खालच्या गिअरमध्ये एकदम बटण दाबले तर मागची चाके घसरतात आणि गाडी आडवी होऊ शकते. रस्ता ओला आणि गाडी रिकामी असेल तर वेगच कमी ठेवावा. आणखी एक गोष्ट मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराने लक्षात ठेवावी. जुन्या ट्रकांत एक्झॉस्ट ब्रेक लावला की मागचा लाल दिवा लागतोच असे नाही. दिवा न लागताही पुढचा ट्रक मंदावू शकतो. तुमचे मोठे भाऊ मोटारसायकलवरून जात असतील तर त्यांना हे सांगा.

आता न्यूट्रलविषयी. डिझेल वाचते म्हणून उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची सवय काही ड्रायव्हरांना असते. ते उस्ताद आपल्या क्लीनरलाही तेच शिकवतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोर घाटात झालेल्या कितीतरी अपघातांच्या बातम्यांत या सवयीचा उल्लेख आलेला आहे. हिशेब तपासून पाहू. गाडी गिअरमध्ये असते आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, तेव्हा चाके इंजिनाला फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःच फिरत राहावे लागते, आणि त्यासाठी ते डिझेल जाळते. म्हणजे ज्या डिझेलसाठी जीव धोक्यात घातला, ते उलट जास्तच जळले! शिवाय एक्झॉस्ट ब्रेक न्यूट्रलमध्ये निरुपयोगी होतो, कारण त्याचा जोर चाकांपर्यंत पोहोचत नाही. सगळा भार पुन्हा ड्रमवर पडतो. ब्रेकसाठी हवा भरणारा कंप्रेसर इंजिनावर चालतो. न्यूट्रलमध्ये इंजिन हळू फिरते, म्हणून हवा हळू भरते. इकडे ब्रेक पुन्हा पुन्हा दाबल्याने ती भराभर संपते. आणि इंजिन बंदच करून उतरणाऱ्याला नवीन हवा मुळीच मिळत नाही. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होऊन बसते.

एक्झॉस्ट ब्रेकने गाडी थांबत नाही, मंदावते. उभी गाडी धरून ठेवायला तर तो अजिबात चालत नाही. तिथे हातब्रेक आणि चाकांखाली अडणीच हवी. तो बसवला म्हणून मंजुरीपेक्षा दोन टन जास्त माल भरणे हाही एक गैरसमज आहे. वजन वाढले की वर केलेल्या गुणाकारातला पहिलाच आकडा वाढतो.

या झडपेला देखभाल थोडी लागते. धुरातली काजळी तबकडीच्या दांडीवर साठते. महिनोन्‌महिने वापरली नाही तर दांडी आखडते आणि तबकडी उघडीच किंवा मिटलेलीच राहते. मिटलेली राहिली तर चढावर इंजिन दम टाकते आणि काळा धूर ओकते. म्हणून सपाट रस्त्यावरही रोज एक-दोनदा बटण दाबून झडप हलती ठेवावी. माथ्यावर पोहोचल्यावर ड्रायव्हरने हवेच्या दाबाचा काटा पाहावा, चाकांतून जळका वास येतो का ते पाहावे आणि सपाटीवर गाडी चालू असताना एकदा बटण दाबून ऐकावे. झडप मिटली की सायलेन्सरचा आवाज दबतो आणि गाडी मागून कोणी धरल्यासारखी ओढली जाते. आवाज बदलला नाही तर घाटात न शिरता इगतपुरीलाच गाडी बाजूला घ्यावी आणि मिस्त्रीला बोलवावे.